मारुतीची म्हैस

शब्दापायी माणसं गेलेली तुम्ही ऐकली असतील. शब्दापायी एक म्हैस गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ. देऊळ कसलं, मारुती आत आणि भक्त बाहेर, एवढीच जागा. पावसाळ्यात आरती सुरू झाली की अर्धी गल्ली छत्रीखाली उभी. टाळ्या वाजवायच्या तर छत्री कुणी धरायची, यावरून देवासमोर नवराबायकोची भांडणं व्हायची. शेवटी ठरलं, पुढं सभामंडप घालायचा.

आमच्या देवळाची एक जुनी रीत होती. देवासाठी कुणाच्या दारात मागायला जायचं नाही. वर्गणी नाही, पट्टी नाही. बाहेरच्या फळ्यावर लिहायचं आणि ज्याला वाटेल त्यानं आपणहून आणून ठेवायचं. दिलं त्याचं नाव पुकारायचं नाही, न देणाऱ्याला विचारायचं नाही. मारुतीला सगळं दिसतं, आणि त्याच्या नजरेतून सुटलं ते समोर राहणाऱ्या बायडाबाईला दिसतं, त्यामुळं कारभार चोख चालायचा.

फळा लिहिणारे नृसिंह मास्तर. हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. त्यांनी खडूनं वळणदार लिहिलं, ‘सभामंडपासाठी सर्व भक्तांनी स्वखुशीने यथाशक्ती साहाय्य करावे.’

आता ‘यथाशक्ती’ शब्दाचा आपल्याकडे काय उपयोग असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. हात आखडता घ्यायचा असला की माणूस यथाशक्ती देतो. आमच्याच गल्लीत राहणारे, शाहूपुरीत गुळाची अडत असलेले गणपतराव यांनी यथाशक्ती गुळाची एक ढेप आणून ठेवली. तिचा अर्धा प्रसाद मुंग्यांनी आधीच उरकला होता. आणखी एकानं वासा दिला. त्याला आतून वाळवीनंच उभं धरलं होतं. वाळवी उठून गेली असती तर वासा जागच्या जागी बसला असता.

अशात एका संध्याकाळी गुंडू पैलवान तालमीतून घरी येताना फळ्यापाशी थांबला.

गुंडू देवळामागं राहायचा. घरात तो, त्याची आई तानाबाई आणि चांदी नावाची म्हैस. दरबार होता तोवर पैलवानांना खुराक मिळायचा. दरबार गेला, खुराक गेला, आणि गुंडूचा सगळा भार चांदीवर आला. चांदीसारखी म्हैस मी पुन्हा पाहिली नाही. शिंगं एवढी लांब, की एका टोकावर बसलेल्या कावळ्याला दुसऱ्या टोकावरचा कावळा कुठल्या गावचा ते ओळखू यायचं नाही. सकाळची सगळी धार गुंडूच्या पोटात जायची, संध्याकाळची तानाबाई रतीबाला घालायची आणि त्यावर घर चालायचं. त्या उन्हाळ्यात खासबागेच्या कुस्ती मैदानात गुंडूची कुस्ती ठरली होती, बिद्रीकडच्या सयाजीबरोबर. आमच्या तालमीचा पैलवान कैक वर्षांत त्या मातीत मोठ्या जोडीला उतरला नव्हता. त्यामुळं गल्लीत गुंडू शिंकला तरी चार घरांतून काढा यायचा.

मास्तर फळ्याशेजारीच उभे होते, हातात कोथिंबिरीची जुडी. घरी कालिंदीबाई फोडणीला थांबलेल्या. गुंडूनं विचारलं, "मास्तर, ह्ये यथाशक्ती म्हंजे काय वो?"

"ज्याची जेवढी शक्ती, त्यानं तेवढं द्यावं."

"शक्ती म्हंजे हीच की? तालमीतली?"

"शक्ती म्हणजे शक्ती रे. ती काय दोन प्रकारची असते?" मास्तरांचं लक्ष कोथिंबिरीत.

"मग गल्लीत सगळ्यात शक्ती कुणाची?"

"तुझीच की. त्यात विचारायचं काय?"

मास्तर हसून घरी गेले. कालिंदीबाईंना त्यांनी हा विनोद म्हणून सांगितलासुद्धा. गुंडू मात्र तिथंच उभा राहिला. विचार करताना इतर माणसं डोकं खाजवतात, गुंडू मांडी चोळायचा. बराच वेळ चोळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गुरव देवळात आला, तर दीपमाळेला चांदी बांधलेली. पंचगंगेवर नेऊन न्हाऊ घातलेली, शिंगांना तेल, कपाळाला हळदकुंकू. गुंडूनं तिचं दावं उंबऱ्यावर ठेवलं, मारुतीला हात जोडले आणि म्हणाला, "सगळ्यात जास्ती शक्ती माझी, तवा सगळ्यात जास्ती म्या द्याला पायजे. माझ्याकडं हीच हाय." आणि जोर मारायला तालमीत निघून गेला.

गल्लीला वाटलं, पैलवानाला ऊन लागलं. तानाबाईला तसं वाटलं नाही. लेकाला ती ओळखून होती. ती सरळ मास्तरांच्या दारात जाऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. मास्तर बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाली, "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. तुमचा एक शबूद आला आन् माझी म्हस घिऊन गेला."

मास्तरांनी खुर्ची दिली, चहा दिला, शब्दाचा खरा अर्थ समजावून दिला. तानाबाईनं चहा घेतला, अर्थ तिथंच ठेवला. मग मास्तर, तालमीचे वस्ताद आणि अप्पा तिघं मिळून गुंडूला गाठायला गेले. यथाशक्ती म्हणजे बाबा ऐपतीप्रमाणे, तुझी ऐपत काय, तू एक नारळ ठेवला असतास तरी चाललं असतं, हे मास्तरांनी परोपरीनं सांगितलं. वस्तादांनी कुस्तीची आठवण दिली. अप्पानं तर सांगून टाकलं, की मारुती ब्रह्मचारी माणूस, त्याला म्हशीचा व्याप कशाला.

गुंडूनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हंजे माझं चुकलं म्हना. पर दिलं त्ये दिलं. देव काय उसनं मागाय आलता व्हय, परत न्ह्यायला?"

तिघं गेले तसे परतले. मास्तरांनी घाईघाईनं फळा पुसला आणि यथाशक्तीच्या जागी ‘ऐपतीप्रमाणे’ लिहिलं, आणखी कुणी काही आणून बांधू नये म्हणून. त्याचा एक परिणाम झाला, तो त्यांच्या ध्यानीमनी नव्हता. कुणाची शक्ती किती ते एक देव जाणतो, पण ऐपत किती ते सगळी गल्ली जाणते. दोन दिवसांत गणपतरावांकडून सागवानी खांब आले. वाळवीचा वासा गुपचूप गेला आणि त्या जागी नवा आला. मंडप पावसाळ्याआधी उभा राहणार हे नक्की झालं. राहिला प्रश्न गुंडूचा.

चांदी देवळामागच्या पडवीत राहायला आली खरी, पण गुंडूखेरीज कुणाला हात लावू देईना. पहिल्या दिवशी अप्पा चरवी घेऊन बसला. चांदीनं अशी लाथ दिली, की अप्पा उडाला तो दीपमाळेच्या वरच्या हातावर जाऊन बसला. त्रिपुरी पौर्णिमेला तिथवर पणती लावायला दरवर्षी शिडी लागायची, ती त्या साली लागली नसती. त्यामुळं गुंडूच रोज पहाटे येऊन धार काढायचा, दूध देवळाच्या तांब्याच्या घंगाळात ओतायचा आणि हात धुऊन बाजूला व्हायचा. एक थेंब तोंडात घालायचा नाही. संध्याकाळची धारही गुंडूच काढायचा, पण ते दूध अप्पानं तानाबाईकडंच ठेवलं, तेही मोठ्या युक्तीनं: म्हशीच्या वैरणीचं कोण बघणार, तूच बघ, आणि त्यापोटी ते दूध घे. तानाबाई कष्टाचं म्हणून घेऊ लागली. पण त्यातलं भांडंभर गुंडूपुढं ठेवलं की तो उठून जायचा.

महिनाभरात त्याच्या मानेवरची वळी उतरली. शड्डू ठोकला की पूर्वी चार गल्ल्यांतल्या खिडक्या वाजायच्या, आता फक्त आमच्या गल्लीतल्या वाजायला लागल्या. वस्तादांनी जेवण सोडलं.

मग अप्पाला सुचलं. त्यानं घंगाळातल्या दुधाचा नैवेद्य दाखवला, वर तुळशीचं पान टाकलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की आजपासून सकाळचं तीर्थ दुधाचं. तीर्थाला नाही म्हणायची कुणाची छाती नाही. आणि तीर्थ किती द्यावं, याचं माप कुठल्याच पोथीत नाही. ते हातात घ्यायचं असतं, एवढंच. गुंडूचा हात तर असा, की तो रंकाळ्यावर तोंड धुवायला बसला की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका पाणी का उतरलं म्हणून एकमेकींकडं बघायच्या.

अप्पाचा बेत उत्तम होता. त्यात चूक एकच झाली, त्यानं तो गल्लीला सांगितला नाही.

फुकट दुधाचं तीर्थ मिळतंय म्हटल्यावर आमच्या गल्लीला जी भक्ती सुटली, ती तुम्हाला काय सांगू. आठ-आठ दिवस अंघोळ न करणारे ओल्या डोक्यानं रांगेत. तान्ही मुलं रांगेत. एक म्हातारी वाटी घेऊन आली, हात थरथरतो म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच हात थरथरायला लागले. शेजारच्या गल्लीतले लोकही आले, ज्यांना स्वतःचा मारुती होता. आणि गुंडू? तो सगळ्यांत शेवटी उभा. जेवणावळीत घरच्या माणसांनी मागनं बसायचं, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं. त्याची पाळी येईतो घंगाळात तुळशीचं पान तेवढं उरायचं. ते तो जिभेवर ठेवायचा, मारुतीला हात जोडायचा आणि तालमीत जाऊन जोर मारायचा.

हे पहिल्यांदा दिसलं ते अर्थात बायडाबाईला. एक दिवस तिला उशीर झाला, म्हणून ती शेवटून दुसरी उभी होती. अप्पानं घंगाळ उलटं केलं, तिच्या हातावर दोन थेंब पडले. तिनं मागं वळून पाहिलं. गुंडू तुळशीचं पान चघळत होता. त्याचे खांदे आता सदऱ्याला पुरत नव्हते, सदराच लोंबत होता. बायडाबाईला गप्प बघून आम्हाला वाटलं, तिची दाढ दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी ती आली ती पदराखाली तांब्या झाकून. घरची शेळी होती तिची. नैवेद्याच्या आधी तिनं तांब्या घंगाळात रिकामा केला. अप्पानं विचारलं तर म्हणाली, "नवस हाय माझा. मारुतीला बोलल्याली हाय." कसला नवस, ते सांगितलं नाही. अप्पानं विचारलंही नाही. गुरवाला नवस आणि आडोसा दोन्ही ओळखता येतात.

तिसऱ्या दिवशी कालिंदीबाईंना नवस आठवला. मास्तरांचा सकाळचा चहा काळा झाला तो त्या दिवसापासून. मास्तर घोट घेऊन कपात बघत बसायचे, पण बोलले नाहीत. एक शब्द बोलून काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. मग गणपतरावांच्या घरनं कळशी आली. ज्यांच्याकडं दुभतं नव्हतं ते पहाटे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन म्हशीची धार समोर काढून आणायचे. एकेक जण येतोय, इकडंतिकडं बघतोय, घंगाळात ओततोय आणि तोंड फिरवून म्हणतोय, नवस हाय. गुंडूचं नाव कुणी तोंडातून काढलं नाही. काढलं असतं, तर हे दूध तुझ्यासाठी म्हटल्यावर तो घेता ना. वाट्या घेऊन येणारे भरलेले तांबे घेऊन येऊ लागले, आणि हातांचं थरथरणं मारुतीनं आपोआप बरं केलं.

घंगाळ भरून सांडायला लागलं. दूध उंबरा ओलांडून गटारीपर्यंत जायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली मांजरं एवढी माजली, की कुत्र्यांनी गल्ली सोडली.

गुंडू साधा होता, आंधळा नव्हता. धार तोच काढायचा. एक दिवस त्यानं अप्पाला विचारलं, "अप्पा, म्या वतलं एवढं, आन् झालं एवढं कसं वो?"

अप्पानं आत मारुतीकडं बोट केलं. गुंडूनं मारुतीकडं पाहिलं, मारुती काही बोलला नाही. मग गुंडूनं ओंजळ पुढं केली. अप्पा ओतत राहिला, ओतत राहिला. त्याचा हात दुखून आला तेव्हा ओंजळ भरली.

कुस्तीच्या दिवशी गल्लीला कुलूप लागलं. खासबागेत माणूस मुंगीसारखा. हलगी वाजत होती, आमच्या गल्लीतले सगळे एकाच बाजूला दाटीवाटीनं बसलेले. सयाजी उतरला. लाल मातीत उभा राहिला तर खांबासारखा दिसला. पण गुंडूनं सलामीचा शड्डू ठोकला तेव्हा, खोटं सांगत नाही, दरबारी हत्ती झुंजवायच्या साठमारीतल्या जुन्या हत्तीणीनं तिकडून उत्तर दिलं.

कुस्ती लांबली. दोघंही एकमेकांना सोडेनात. माती एवढी उडाली, की त्या दिवशी न्यू पॅलेसपर्यंत लोकांनी संध्याकाळ झाली समजून दिवे लावले. गुंडूनं दोनदा पट काढला, सयाजी दोन्ही वेळा सुटला. मग सयाजीनं ढाकेचा डाव टाकला. आमच्या वस्तादांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गुंडूची पाठ मातीला लागली होती.

हरला. यात मी काही वाढवून सांगत नाही, आणि कमी करायला तर मन धजत नाही. सयाजीनंच त्याला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवरची माती झाडली. गुंडू आमच्याकडं न बघता कपडे घालायला गेला. गल्ली घरी आली ती एकमेकांच्या मागनं. तानाबाईनं त्याला भाकरी वाढली आणि शेजारी बसून राहिली.

आता खरी गोष्ट दुसऱ्या दिवसाची आहे.

चांदीला कुस्ती ठाऊक नव्हती, तिला धारेची वेळ ठाऊक. गुंडू उजाडता उजाडता देवळात आला. धार काढली. घंगाळाच्या तळाला थोडं दूध झालं. अप्पा तुळशीचं पान हातात धरून बसला होता, टाकत नव्हता. देवळापुढं कुणी नाही. नवा मंडप मोकळा.

आणि गल्लीत काय चाललं होतं? प्रत्येक दाराच्या फटीला एक डोळा. बायडाबाई तांब्या हातात घेऊन दाराआड उभी होती. समोर कालिंदीबाई दाराआड. सगळ्यांपुढं एकच पेच. दूध पैलवानासाठी होतं, कुस्ती संपली, आता दूध कशाला, हे ज्याच्या त्याच्या पोटात. पण तोंडानं तर देवापुढं उभं राहून सांगितलेलं, नवस मारुतीचा. मारुती काल कुठं हरला होता? आज गेलं नाही, तर नवस खोटा होता असं सगळ्या गल्लीसमोर कबूल केल्यासारखं. खोटा नवस, तोही मारुतीला, आणि तोही चार पावलांवर बसलेल्या मारुतीला.

बायडाबाईनं पदर सावरला आणि निघाली. ती निघाली म्हटल्यावर कालिंदीबाई निघाल्या. मग दारं वाजायला लागली. गणपतराव स्वतः कळशी घेऊन आले, खांद्यावर सांडत. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. घंगाळ भरलं.

रांग लागली आणि संपत आली. शेवटी गुंडू, त्याच्यापुढं बायडाबाई. तो हळूच म्हणाला, "बायडाक्का, कुस्ती तर म्या हारलो की."

"मग?" बायडाबाईनं मागं न बघताच उत्तर दिलं. "तुज्या कुस्तीचा आन् माज्या नवसाचा काय संबंध? तू तुजी कुस्ती बघ, म्या माजा मारुती बघती."

गुंडूनं तिच्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडं पाहिलं. मग मंडपात टेकलेल्या एकेकाच्या तांब्याकडं पाहिलं, गणपतरावांच्या ओल्या खांद्याकडं पाहिलं. मास्तर खांबाआड उभे होते, त्यांनी उपरणं तोंडाला लावलं. गुंडू मांडी चोळत उभा होता.

अप्पानं विचारलं, "देऊ का रं थोडं?"

"थोडं का म्हून?" गुंडू म्हणाला. "भरून वता."

अप्पानं घंगाळ उचललं. त्याचा हात दुखून आला, तेव्हा दुसऱ्या बाजूनं मास्तरांनी धरलं. तिकडं पडवीत चांदी वैरणीसाठी हंबरायला लागली, आणि तानाबाई तिला गप बस म्हणत पेंढी सोडत होती.